आमच्या संघाला कॉर्नर हवा होता

अमेरिकन फुटबॉलवर मी काही लिहावं हा आगाऊपणाच आहे, आणि त्याबद्दल आधीच माफी मागतो. हा खेळ मी कधी खेळलो नाही. तो लांबट चेंडू आयुष्यात एकदाच हातात धरला, तोही मी ज्यांच्याकडे राहायचो त्या काकांना माझा फोटो काढून माझ्या घरी पाठवायचा होता म्हणून. फोटो पाहून वडिलांनी विचारलं होतं, हे फळ कुठलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील तालुक्याच्या गावी कपडे शिवतात, आणि लिहिण्याची सवय आमच्यात कुणालाच नाही. लिहिताना सारखं वाटत राहतं की पाठीमागून कुणीतरी म्हणेल, तुला काय कळतं रे त्यातलं? खरंच फार कळत नाही. पण त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एका मुलाचं पुढचं सगळं आयुष्य एका टेलिफोनवर अडकलं होतं, आणि तो टेलिफोन मी राहत होतो त्या घरात होता. तेवढं सांगण्याचा हक्क मला असावा, असं धरून चालतो.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या एका नदीकाठच्या शहरात संख्याशास्त्र शिकत होतो आणि एका मराठी डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. त्यांना मी काका म्हणायचो. काका भूल देणारे डॉक्टर. काकू म्हणायच्या, "हे पेशंटला आधी आपल्या संघाच्या बचावाबद्दल सांगतात. मग औषध कमी लागतं."

संघ म्हणजे आमच्या शहराचा व्यावसायिक फुटबॉल संघ. काका वीस वर्षांपूर्वी या शहरात आले तेव्हापासून त्याच्यामागे होते आणि त्या वीस वर्षांत संघानं त्यांना फारसं काही दिलं नव्हतं. चेंडू आपल्याकडे असला की आमची मंडळी बरी खेळायची. दुसऱ्यांकडे गेला की संपलं. मला ते लगेच समजलं, कारण आमच्या तालुक्याचा कबड्डी संघ अगदी असाच होता. प्रत्येकाला चढाईला जायचं असायचं. टाळ्या तिकडेच पडतात ना. कोपऱ्यात उभं राहून पाय पकडायला कुणी तयार नसायचं.

आमच्या फुटबॉल संघालाही नेमका कोपराच नव्हता. कॉर्नरबॅक नावाचा एक गडी असतो. समोरचा वेगवान खेळाडू चेंडू झेलायला सुसाट सुटला की यानं त्याच्या अंगाला चिकटून, निम्मा वेळ उलटं धावत, चेंडू त्याच्या हाती पडू द्यायचा नाही. आमच्याकडे असे दोन होते. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि दुसऱ्याबद्दल काका म्हणायचे, "त्याच्यापेक्षा मी लवकर वळतो."

उपाय होता. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी सगळे संघ रांगेनं कॉलेजच्या खेळाडूंमधून आपापली निवड करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या वर्षी जो सगळ्यात जास्त हरला त्याची पाळी पहिली, आणि अशा बारा फेऱ्या. आमची पाळी नेहमीच लवकर यायची. शहरातल्या वर्तमानपत्रानं, न्हाव्यानं, काकांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सेसनी, सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं होतं की या वर्षी बचाव घ्या. आधी कॉर्नर घ्या, मग पुढच्या फळीत एखादा दांडगा, मग पुन्हा कॉर्नर.

आणि मी एका कॉर्नरला ओळखत होतो.

विद्यापीठातल्या खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवण्याचं काम मला मिळालं होतं. त्यांतला एक शेवटच्या वर्षाला होता. उंचीनं थोडा कमी, बोलायला शांत. त्याची आई याच शहरातल्या इस्पितळात चादरी धुण्याच्या खात्यात होती, आणि कॉलेजात गेलेला त्याच्या घरातलाही तोच पहिला. हे कळल्यावर आमच्यात एक प्रकारचा आपलेपणा आला. तो मला "प्रोफेसर" म्हणून चिडवायचा आणि मी त्याला गृहपाठ का केला नाही ते विचारायचो.

त्याला आमच्याच संघात जायचं होतं. आईला सांधेदुखी होती, ती एकटी होती, आणि त्याला हे शहर सोडायचं नव्हतं. संघाचा एक माणूस स्टॉपवॉच घेऊन त्याला पळवून बघून गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "ड्राफ्टच्या दिवशी फोनजवळ थांब." कुणीच निवडलं नाही तर काय करायचं, हे मी त्याला बरेचदा विचारायचो. विचारलं की म्हणायचा, "आधी तुझ्या विषयात पास होऊ दे, प्रोफेसर."

अडचण फोनचीच होती. तो ज्या घरात राहायचा तिथे चार खेळाडू, चौघेही फोनची वाट बघणारे, आणि फोन एक. आईच्या घरचा नंबर द्यावा तर ती रविवारीही पाळीवर. हे मी एकदा जेवताना काकांना सांगितलं. काकांच्या हातातली पोळी तशीच राहिली.

"आपला नंबर दे त्याला! संघाचा फोन आपल्या घरी येईल! अरे, मी स्वतः उचलीन!"

नंबर दिला गेला, आणि दिल्यावर काकूंनी कॅलेंडर दाखवलं. ड्राफ्ट रविवारी होता. त्याच रविवारी आमच्याकडे महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाची तालीम आणि जेवण ठरलेलं होतं. चाळीस माणसं.

"कॅन्सल करू," काका म्हणाले.

"श्रीखंडाचं दही टांगलंय," काकू म्हणाल्या. विषय संपला.

रविवारी दुपारी बाया वर नाटकातली वाक्यं पाठ करत होत्या आणि पुरुषमंडळी खाली माझ्या बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसली होती. कॉर्नर सोफ्याच्या टोकाला, मांडीवर पुऱ्यांची ताटली घेऊन, फोनच्या अगदी शेजारी. फोनची लाइन एकच. खाली एक यंत्र आणि वर स्वयंपाकघरात एक.

आमची पाळी आली. काका उठून उभे राहिले. संघानं एक रनिंग बॅक घेतला. म्हणजे चेंडू पोटाशी धरून पळणारा गडी. असे तीन आमच्याकडे आधीच होते.

"अरे कशाला?" काका टीव्हीला म्हणाले. "अरे, आहेत ना ते! तीन आहेत! त्यांना काय खुर्चीवर बसवणार?"

शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेली त्यांची मुलगी जिन्यात बसून पुरी खात होती. "बाबा, दे कान्ट हिअर यू," ती म्हणाली.

दुसऱ्या फेरीत आमच्या संघानं चेंडू झेलणारा घेतला. तिसऱ्या फेरीत आणखी एक झेलणारा, अधिक उंच. टीव्हीवर कुणीतरी समजावून सांगत होतं की हुशार संघ गरज पाहत नाहीत, उरलेल्यांत जो सगळ्यात चांगला असेल तो घेतात. हे ऐकायला काकू श्रीखंडाचं भांडं घेऊन खाली आल्या होत्या.

"म्हणजे अगदी तुमच्यासारखंच," त्या काकांना म्हणाल्या. "कांदे आणायला पाठवलं की आंब्याच्या रसाचे डबे घेऊन येता. का? तर म्हणे चांगले होते!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. मीही हसलो नाही. माझी चिडचिड वेगळी होती. मी वर्षभर त्या मुलाला शिकवत आलो होतो की आकडे नीट मांडले की निष्कर्ष आपोआप निघतो. आमच्या संघाचे आकडे तर भिंतीवर लिहिल्यासारखे स्पष्ट होते. पण निष्कर्ष काढणाऱ्यांना ते बघायचेच नव्हते.

मधूनमधून फोन वाजायचा. तो वाजला की कॉर्नर ताटली खाली ठेवून उभा राहायचा आणि काका त्याच्या आधी झडप घालायचे. एकदा कुणाचं तरी हायवेवरचं एक्झिट चुकलं होतं. एकदा कुणाला तरी विचारायचं होतं की मोदकपात्र आणू का. एकदा वरच्या फोनवर एक मावशी आपल्या सुनेशी बोलतच बसल्या, आणि काकांनी खालचा फोन उचलून घसा साफ केला तेव्हा त्या म्हणाल्या, "कोण खोकतंय लाइनवर? ठेवा बघू."

संध्याकाळी मंडळी निघाली, आणि मग आमच्या लोकांची एक पद्धत आडवी आली. त्या काळी लांबचा फोन महाग. म्हणून आपापल्या घरी पोहोचलं की यजमानांकडे फोन लावायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन रिंगा म्हणजे सुखरूप पोहोचलो. फोन उचलला गेला तर पैसे पडतात, म्हणून तिसरी रिंग होईपर्यंत यजमानांनी हात लावायचा नाही. काकूंच्या घरी हा नियम इतका पक्का होता की कुणाला तो नियम वाटतच नसे.

कॉर्नरला यातलं काहीच माहीत नव्हतं. टीव्हीवर पाचवी फेरी चालू होती. फोन वाजला, तो उठला, हात पुढे केला, आणि काकू ओरडल्या, "नो, नो, वेट!" दोन रिंगा. शांतता. काकू समाधानानं म्हणाल्या, "पोहोचले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं. तो जरा विचार करून म्हणाला, "आणि कोण पोहोचलं, ते कसं कळतं?"

"जवळचे आधी, लांबचे नंतर," काकू म्हणाल्या, जणू हे कुणालाही कळायला हवं.

लांबून आलेली चार कुटुंबं होती. रात्रीच्या जेवणापर्यंत चौघांच्याही दोन-दोन रिंगा झाल्या. काकू आवरायला उठल्या, आणि फोन पुन्हा वाजला. एक. दोन. सवयीनं कुणीच हललं नाही. फोन थांबला.

"ही कुणाची?" काकूंचा हात तसाच राहिला. "सगळे पोहोचले होते."

कॉर्नर बसल्या बसल्या फोनकडे बघत राहिला. काकांचा चेहरा मी त्यापूर्वी कधी तसा पाहिला नव्हता. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "संघाचा असेल का रे? दोनच रिंगा करून ठेवतील ते?"

मला काय ठाऊक! त्यांना आमची पद्धत माहीत नव्हती, आणि आम्हाला त्यांची. मी म्हणालो, असेल तर पुन्हा करतील. म्हणताना माझा मलाच विश्वास नव्हता. त्या रात्री पुन्हा फोन आला नाही. त्या दिवशीच्या पाच फेऱ्यांत आमच्या संघानं बचावातला एकही गडी घेतला नव्हता.

सोमवारी उरलेल्या फेऱ्या होत्या. काकू लायब्ररीत काम करायच्या. जन्मात खोटं न बोललेल्या त्या बाईनं सकाळी उठून तब्येत बरी नाही असं कळवलं आणि त्या स्वयंपाकघरातल्या फोनसमोर खुर्ची टाकून बसल्या. मी आणि कॉर्नर शेजारी टेबलावर परीक्षेची गणितं घेऊन बसलो. रेडिओ बारीक लावला होता.

पहिलं काम त्यांनी केलं ते असं, की ती जादाची रिंग कुणाची होती हे विचारायला चारही कुटुंबांना फोन लावले.

"काकू, लाइन अडतेय," मी म्हणालो.

"एकच मिनिट हं," त्या म्हणाल्या. चौथ्या घरी उत्तर मिळालं. त्या घरच्या गृहस्थांना पहिल्यांदा फोन लागला की नाही याची खात्री वाटेना, म्हणून त्यांनी जरा वेळानं पुन्हा केला होता. काकूंनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. मी कॉर्नरला सांगितलं. तो हसला, पण हसताना त्याचे खांदे खाली आले. संघानं फोन केला असावा, निदान एकदा केला असावा, ही आशाही त्याबरोबर गेली, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग फोन वाजला. काकूंनी पहिल्याच रिंगला उचलला. काका होते, इस्पितळातून.

"आला का फोन?"

"नाही! ठेवा!"

अर्ध्या तासानं दुसरं ऑपरेशन आटोपून पुन्हा काका. मग दुपारी पुन्हा. शेवटी काकू इतक्या मोठ्यानं ओरडल्या की कॉर्नरच्या हातातली पेन्सिल पडली. "अहो, फोन आला का हे विचारायला फोन करू नका!"

आमच्या संघाची नववी निवड चेंडू झेलणारा. दहावी, पुढच्या फळीतला एक दांडगा. मी क्षणभर ताठ बसलो, पण तोही आक्रमणातला. अकरावीत पुन्हा पळणारा. बाराव्या आणि शेवटच्या फेरीत त्यांनी एक किकर घेतला. किकर म्हणजे जो नुसता पायानं चेंडू उडवतो आणि बाकी वेळ बाकावर बसतो. मी रेडिओ बंद केला. इतका राग मला परीक्षेत नापास झाल्यावरही आला नसता. ज्या संघाच्या घराला दारच नव्हतं, त्यांनी बारा वेळा बाजारात जाऊन बारा झुंबरं आणली होती.

"चला," कॉर्नर म्हणाला. त्यानं आपली ताटली सिंकमध्ये धुतली, पुसून जागेवर ठेवली आणि काकूंना म्हणाला, "थँक यू, मॅम. आईला इस्पितळातून घ्यायला जायचंय."

काकू फ्रिजकडे वळल्या. त्यांनी उरलेलं श्रीखंड डब्यात भरून त्याच्या हातात दिलं. तो दारापर्यंत पोहोचला, आणि फोन वाजला.

काकूंनी झेप घेतली. पलीकडून एका अमेरिकन माणसानं कॉर्नरचं नाव घेतलं. काकू इतक्या गडबडल्या की त्याच्याशी सरळ मराठीत बोलल्या. "आहे, आहे! इथेच आहे! ठेवू नका हं, ठेवायचा नाही!"

आमच्या संघाचा फोन नव्हता. वायव्येकडच्या, समुद्राजवळच्या एका शहराच्या संघाचा होता. ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेल्या मुलांना असे फोन येतात, हे मला तेव्हा कळलं. शिबिराला ये, बघू, एवढंच. तिथे शंभराच्या आसपास मुलं, महिनाभर रोज कुणाला ना कुणाला घरी पाठवणार, शेवटी निम्मीही उरत नाहीत. त्यांना कॉर्नर हवा होता. तो फोनवर फक्त "येस सर" म्हणत होता. काकू बाजूला उभ्या राहून मला हातानं विचारत होत्या, काय? काय?

तो संख्याशास्त्रात पास झाला. फार चांगला नाही, पण पास झाला. जुलैत जायच्या आदल्या संध्याकाळी तो आईला घेऊन आमच्याकडे जेवायला आला. काकूंनी त्याच्या आईला तेल लावून गुडघे कसे शेकायचे ते दाखवलं. काकांनी त्याला आमच्या संघाचं मैदानावरचं अपयश पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं, जणू ते त्याला अपरिचित होतं. निघताना कॉर्नर काकूंना म्हणाला, "मी संघात राहिलो तर तुमच्यासारखा फोन करीन. दोन रिंगा. उचलू नका."

"आणि नाही राहिलास तर?" काकांनी विचारलं. असले प्रश्न काकाच विचारायचे.

"मग तीन. कारण मग बोलायचं असेल."

ऑगस्टभर तो फोन म्हणजे घरातला एक आजारी माणूस झाला. आमच्या शहरातल्या वर्तमानपत्रात दूरच्या संघाच्या शिबिराबद्दल काही येत नसे. काका इस्पितळातल्या कुणाकडून तरी तिकडचा पेपर मागवायचे, आणि त्यात किकरबद्दलसुद्धा असायचं, पण आपल्या कॉर्नरचं नाव नसायचं. माझ्या कामातलं लक्ष उडालं होतं. फोन वाजला की तिघं जागच्या जागी गोठायचो. एकदा तिसरी रिंग झाली आणि काकू खुर्चीतून उठल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गालिचे विकणाऱ्याचा फोन होता. काकूंनी त्याला जे सुनावलं ते त्या बिचाऱ्यानं कशासाठी ऐकलं कुणास ठाऊक.

सप्टेंबर उजाडता उजाडता एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो. काका आमच्या संघाच्या सरावाच्या सामन्याबद्दल बोलत होते. समोरच्यांनी पुन्हा कोपऱ्यातून धावत जाऊन आमची लाज काढली होती आणि नवा किकर चांगला आहे, असं पेपरनं म्हटलं होतं. "किकर चांगला आहे," काका म्हणाले. "वा. आता आपण चांगल्या किकरसकट हरू."

फोन वाजला.

कुणीच हललं नाही. एक. काकांचा घास हातात होता. दोन.

मी तिसरीची वाट बघत होतो. इतकी वाट मी माझ्या निकालाचीही पाहिली नव्हती. स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज येत होता. तिसरी झाली नाही.

"कुणी प्रवासात होतं का?" काकांनी विचारलं.

"कुणीही नव्हतं," काकू म्हणाल्या.

"अरे पण दोन रिंगांत काय कळतं? किती दिवसांसाठी, कुठल्या बाजूचा कॉर्नर, पहिल्या सामन्यात खेळणार की नाही? काही सांगेल की नाही माणूस!" काका चिडून माझ्याकडे बघत होते, जणू ही पद्धत मीच काढली होती. त्यांच्या मुलीनं वाटी पुढे सरकवली. "बाबा, ही कान्ट हिअर यू," ती म्हणाली.

काकू उठल्या, फोनपाशी गेल्या आणि त्याला हात न लावता नुसत्या उभ्या राहिल्या. मग वळून आम्हाला म्हणाल्या, "पोहोचला."